तिन्हीसांजेचे चंक्रमण



धम्मात नव्याने आलेल्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "सकाळी त्रिशरण-पंचशील घेतो, पौर्णिमेला विहारात जातो, घरातला देव्हारा काढला. पण रोजच्या जगण्यात धम्म आचरावा कसा? भिक्खूंप्रमाणे तासन्‌तास ध्यानाला बसणे आम्हा राबणाऱ्या माणसांना कसे जमावे?" प्रश्न रास्त आहे. दिवसभर शेतात किंवा बांधकामावर अंग मोडून काम केलेला माणूस मांडी घालून डोळे मिटून बसला, तर त्याला ध्यान लागत नाही, झोप लागते. त्यात त्याचा काही दोष नाही.

अशा माणसाला मी एकच गोष्ट सुचवीत असतो. चालावे. आठवड्यातून एक-दोन वेळा, दिवस मावळण्याच्या सुमारास, वस्तीपासून फार दूर नसलेल्या झाडीतून, तळ्याच्या कडेने, अर्धा-पाऊण तास एकट्याने चालावे. बरोबर गप्पांना सोबती नको आणि कानाशी फोनही नको. याला पैसा लागत नाही, पुरोहित लागत नाही, मुहूर्त तर मुळीच लागत नाही.

कोणी म्हणेल, "गुरुजी, फिरायला जाणे हा धम्म कसा? ते तर बंगल्यात राहणाऱ्यांचे चोचले." उपासकहो, आधी तथागतांनी काय सांगितले ते पाहू, मग ठरवू.

चंक्रमण म्हणजे काय

पाली साहित्यात 'चंकम' असा शब्द आहे. आपण त्याला चंक्रमण म्हणतो. मनावर लक्ष ठेवून, ठराविक वाटेने येरझारा घालणे म्हणजे चंक्रमण. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो. कष्ट करण्याची ताकद राहते. आजार कमी होतात. खाल्लेले-प्यालेले नीट पचते. आणि चालता चालता मिळवलेली चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. या पाचांपैकी चार लाभ शरीराचे आहेत, हे नीट ध्यानात घ्या. शरीराला क्लेश देऊन मुक्ती मिळते असे बुद्धांनी कधी म्हटले नाही. ज्यांनी ते करून पाहिले आणि सोडून दिले, त्यांचा हा मध्यम मार्ग आहे.

बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूस एक लांब ओटा आहे. त्यावर दगडी कमळे कोरलेली आहेत. संबोधीनंतरच्या एका आठवड्यात भगवंत तेथे चंक्रमण करीत होते, अशी परंपरा सांगते. आपले जे तीर्थ आहे, त्यात बसण्याची जागा आहे तशी चालण्याचीही जागा आहे.

सतिपट्ठान सुत्तातही चालण्याला स्थान आहे. चालणाऱ्याला आपण चालत आहोत याचे भान असावे, एवढीच तेथील शिकवण. ऐकायला ती फार सोपी वाटते. करून पाहा. दहा पावले होतात न होतात तोच मन सावकाराच्या दारात, मुलीच्या लग्नात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पोचलेले असते.

झाडी आणि तळे कशासाठी

रस्त्यावर चालले तर चालणार नाही काय? चालेल. नगराच्या उपासकाला मैदान किंवा बागही चालेल. परंतु झाडी आणि पाणी यांची निवड आपल्या परंपरेत अगदी पहिल्यापासून आहे. राजगृहाचा राजा बिंबिसार भिक्खुसंघासाठी जागा शोधू लागला तेव्हा त्याने काय निकष लावले, ते विनयपिटकात दिलेले आहे. जागा नगरापासून फार लांब नसावी आणि फार जवळही नसावी. येण्या-जाण्यास सोयीची असावी. दिवसा तेथे गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. अशी जागा म्हणून त्याला आपले वेळूवन, म्हणजे बांबूची राई आठवली, आणि ती त्याने संघाला दान दिली. संघाला मिळालेला तो पहिला आराम. आज बिहारमधील राजगीरला जाणाऱ्या यात्रेकरूंना वेळूवनात करंड तलाव दाखवतात. चिनी प्रवासी ह्युएन त्संग यानेही सातव्या शतकात त्या तळ्याची नोंद केली आहे. म्हणजे शांत झाडी आणि जवळ तळे, ही संघाच्या पहिल्या घराचीच खूण आहे.

मी भंडारा जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्याकडे अशा जागेसाठी राजाकडे जावे लागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी या शब्दांचा तो थोडक्यात झालेला अवतार. धानाच्या शेतीसाठी पूर्वजांनी हे तलाव बांधले. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब मोठे होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पाळीवर मोह, आंबा, कहू, पिंपळ अशी झाडे, पलीकडे पळसाची झाडी, खाली बगळे आणि पाणकोंबड्या. तुमच्या गावाजवळ तलाव नसेल तर बोडी असेल, ओढ्याचा डोह असेल, पाझर तलाव असेल. जागा शोधली की सापडते.

भय कोठून येते

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जागा जवळ आहे, वेळही सापडेल, तरी आपल्यातले पुष्कळजण तिन्हीसांजेला तिकडे फिरकत नाहीत. का? भय वाटते म्हणून. धम्मदीक्षा घेताना आपण जुन्या देवांना नमस्कार केला आणि त्यांची रजा घेतली. पण देवांबरोबर भुते मात्र गेली नाहीत. ती घराच्या कोपऱ्यात दबून बसली. दिवेलागण झाली की बाहेर येतात. तळ्यात आसरा, पिंपळावर मुंजा, बाभळीखाली हडळ, वाटेवर चकवा. टिटवी ओरडली तर अशुभ, पिंगळा बोलला तर कोणाचा तरी मृत्यू. बोलून दाखवत नसलो तरी कित्येक बौद्ध घरांत अमावास्येला लहान मूल बाहेर पाठवत नाहीत.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याच्या मनात हे भय आहे, तो आज देवऋषाकडे गेला नाही तरी मूल तापाने फणफणले म्हणजे उद्या जाईल. भय हीच पुरोहिताची जमीन. ती जोवर मनात पडीक आहे, तोवर कोणीतरी येऊन तीत नांगर घालणारच. बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धधम्मावरील ग्रंथात अलौकिकावरील विश्वासाला अधम्म ठरवले आहे, ते याच कारणाने. घटनेमागे कारण असते. ते मनुष्याच्या किंवा निसर्गाच्या कक्षेतले असते. ते शोधावे, म्हणजे माणूस विवेकाच्या वाटेला लागतो, अशी त्यांची मांडणी आहे.

भगवंतांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण त्यांना विचारतो, की अरण्यात एकट्याने राहणे फार अवघड, मन ठिकाणावर राहत नाही, नाही का? यावर भगवंत 'मला कधी भय वाटलेच नाही' असे उत्तर देत नाहीत. संबोधीपूर्वीच्या काळातला आपला अनुभव ते सांगतात. पंधरवड्यातल्या ज्या रात्री लोक विशेष मानतात, चतुर्दशी, पंचदशी आणि अष्टमी, त्याच रात्री मुद्दाम निवडून ते लोकांना थरकाप वाटेल अशा रायांत आणि झाडांखाली जाऊन राहत. एखादे जनावर येई, मोर एखादी काटकी मोडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे. मनात येई, आलेच की काय ते भय! तेव्हा त्यांनी विचार केला, की मी भयाची वाट पाहत का बसावे? ज्या अवस्थेत ते येईल, त्याच अवस्थेत त्याला आवरीन. म्हणून चालत असताना भय आले तर ते आवरेपर्यंत ते चालतच राहत. थांबत नसत, बसत नसत. बसले असताना आले तर उठत नसत.

उपासकहो, या साऱ्या कथनात मंत्र कोठे आहे? गंडा-दोरा कोठे आहे? काटकी मोराने मोडली, पाचोळा वाऱ्याने हलला, हे कारण त्यांनी पाहिले आणि पाऊल टाकत राहिले. त्याच सुत्तात आणखी एक मर्म आहे. ज्याची काया-वाचा-मनाची वागणूक अशुद्ध, त्याला अरण्यात आपल्याच दोषामुळे भय वाटते; मी माझे आचरण तपासले, ते शुद्ध दिसले आणि मला धीर आला, असे ते सांगतात. म्हणजे पंचशील हेच अंधारातले खरे संरक्षण. दिवसा खोटे बोलून, कोणाला लुबाडून आलेला माणूस पान हलले तरी दचकतो. त्याला भूत धरत नाही, त्याचे कर्म धरते.

आणि पिंपळाचे काय सांगावे! ज्या झाडावर मुंजा बसतो म्हणून आपले आईबाप त्याखालून अंग चोरून जात, तेच झाड बोधिवृक्ष आहे. वैशाख पौर्णिमेच्या रात्री सिद्धार्थ गौतम त्याच झाडाखाली रात्रभर बसले आणि पहाटे बुद्ध झाले. एकाच झाडाखाली एकाला मुंजा दिसतो, दुसऱ्याला बोधी प्राप्त होते. फरक झाडात नाही, मनात आहे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, टोकही लांब असते. म्हणून इतर झाडे निश्चल असताना पिंपळ एवढ्याशा वाऱ्यानेही सळसळतो. पुढच्या वेळी तो आवाज आला तर खाली उभे राहा, एक पान हातात घ्या आणि मुलाला देठ दाखवा.

बाकीच्या भुतांचीही अशीच विचारपूस करू. टिटवी पाण्याजवळच्या उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मध्ये अंडी घालते. माणूस जवळ आला की ती ओरडून, घिरट्या घालून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवते. ती तुमच्या मरणाची बातमी देत नाही, स्वतःच्या पिलांची राखण करते. म्हणून आपण पाय जपून टाकावा, एवढाच तिचा शकुन. पिंगळा उंदीर आणि किडे खातो, शेतकऱ्याचा मित्र आहे. हिवाळ्यात तळ्यावर पांढरे काही तरंगताना दिसते. हवा लवकर गार होते, पाणी दिवसाची ऊब सावकाश सोडते. त्या पाण्याची वाफ गार हवेत धुके होऊन उभी राहते. तिला लुगडे नेसवण्याचे काम आपले मन करते.

चकव्याची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. चालणारा माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, हे खोटे नाही. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना एका मोठ्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितले. ते संशोधन 2009 साली प्रसिद्ध झाले. सूर्य दिसत असता माणसे बरीचशी सरळ गेली. आभाळ भरलेले असता जंगलातली माणसे नकळत गोल फिरली आणि आपलीच वाट ओलांडून गेली, तरी आपण सरळच चाललो असे त्यांना वाटत होते. तेव्हा चकवा आहे, पण तो जंगलात नाही. दूरची खूण दिसेनाशी झाली की आपल्या शरीराचा अंदाज चुकत जातो, त्याचे नाव चकवा. त्याच्यावर उपाय नारळ नव्हे. डोळ्यांसमोर एक खूण धरावी, मंदिराचा कळस, मोबाईलचा मनोरा, तलावाची पाळ, काहीही, आणि तिच्या रोखाने चालावे. संसारातही ज्याच्यासमोर खूण नाही, तो असाच गोल फिरतो आणि प्रगती केली असे समजतो.

आसरांची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजीने मला बजावले होते, "गुरुजी, दिवाबत्तीच्या वेळी तलावाकडे जाऊ नका, आसरा ओढून नेतात." मी विचारले, "आजी, कोणाला नेले?" तिने तिच्या लहानपणी बुडालेल्या दोन मुलांची नावे सांगितली. त्या मुलांसाठी तिचा जीव अजून तुटत होता. मला तिची थट्टा करावीशी वाटली नाही. पोहता न येणाऱ्या मुलांना पाण्यापासून दूर ठेवायला त्या काळच्या आयांजवळ दुसरे काय होते? त्यांनी भीतीचे कुंपण घातले. आपण ते कुंपण काढायचे, तर त्या जागी ज्ञानाचे कुंपण घातले पाहिजे. मुलांना पोहायला शिकवा. गाळ कोठे खोल आहे ते दाखवा. बुडणाऱ्याच्या मागे उडी न घेता दोर किंवा बांबू कसा टाकावा, ते सांगा. नुसते 'आसरा नाहीत' असे सांगून मुलाला तळ्यावर मोकळे सोडणे, हा विवेक नव्हे.

सावलीचा इतिहास

संध्याकाळी तळ्याच्या काठाने चालणे, ही गोष्ट इतरांना किरकोळ वाटेल. आपल्याला ती तशी वाटता कामा नये. पेशवाईच्या काळात पुणे शहराच्या वेशीत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी येण्यास मनाई होती, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. कारण काय? त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती कोणाच्या तरी अंगावर पडेल. दिवस कलताना पडणारी सावली हा आपल्या पूर्वजांचा गुन्हा होता. आणि तळे? 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिण्यासाठी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जावे लागले. जनावरे जे पाणी पीत होती, ते माणसांना मना होते.

पुढे संविधान आले. त्याच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. सार्वजनिक असलेल्या या जागांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही मनाई करता येत नाही. तेव्हा ज्या पाळीवरून तुम्ही संध्याकाळी चालाल, ती पाळ आणि ते पाणी दोन्ही त्या कलमात आहेत. मावळतीच्या उन्हात आपली लांब सावली पाण्यावर पडलेली पाहताना क्षणभर थांबा. ती पडू द्या. तिच्यासाठी माणसे लढली आहेत. आणि मग हेही पाहा, की ज्या वाटेचा अडसर बाबासाहेबांनी काढला, ती वाट आपण मुंज्याच्या भीतीने स्वतःच बंद करून घेतली आहे काय?

राखणारे भय

भय घालवा असे म्हणताना एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. सगळे भय अज्ञानाचे नसते. काही भय प्रज्ञेचेही असते. खोट्या भयाने माणूस गुलाम होतो, खऱ्या भयाने जपून राहतो. दोन्हींचा निवाडा करणे म्हणजेच विवेक.

मुंजा नाही, पण घोणस आहे. मण्यार आहे, नाग आहे, काही भागांत फुरसेही आहे. म्हणून पायात बूट घाला, हातात विजेरी ठेवा, काठी आपटत चाला, पाचोळ्यात आणि बिळात हात घालू नका. दंश झालाच तर हातपाय हलवू नका, जखम कापू नका, गच्च बांधू नका, सरळ दवाखाना गाठा. 108 क्रमांकावर गाडी बोलवा. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कोणी म्हणेल, भगवंतांनी सापांविषयी मैत्रीभावना सांगितली आहे ना? सांगितली आहे. एक भिक्खू सर्पदंशाने गेला तेव्हा सांगितली. परंतु त्याच भगवंतांनी विनयात सर्पदंशावर त्या काळी ठाऊक असलेल्या औषधांनाही परवानगी दिली आहे. मैत्री सापाला आपल्या काठीपासून वाचवते, औषध आपल्याला सापाच्या विषापासून वाचवते. दोन्ही पाहिजेत.

तसेच वाघाचे. ताडोबा, ब्रह्मपुरी, नवेगाव-नागझिरा या बाजूच्या गावांत वाघ ही कल्पना नाही. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करताना माणसे प्राणाला मुकली आहेत. वन खात्याने मना केले असेल तेथे जाऊ नका. अशा ठिकाणी गावातल्या विहाराभोवतीच येरझारा घाला. चंक्रमणाला रान हवेच असे नाही.

आणि स्त्रियांचे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणारे प्रवचन अर्धवट होय. श्रावस्तीजवळच्या अंधवनात सोमा नावाची भिक्खुणी एकटी जाऊन एका झाडाखाली बसली. स्त्रीच्या तोकड्या बुद्धीला हे ध्येय कसे गाठता येणार, असे म्हणून माराने तिला भिववण्याचा प्रयत्न केला. चित्त स्थिर असता आणि ज्ञान उमलत असता स्त्री की पुरुष हा प्रश्नच कोठे उरतो, अशा आशयाचे उत्तर तिने दिले आणि मार हिरमुसून गेला. हे आपल्या लेकींना सांगा. पण त्याच अंधवनात उत्पलवर्णा या थोर भिक्खुणीवर एका पुरुषाने अत्याचार केला, हेही परंपरेने लपवलेले नाही. आणि भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम विनयात आहे. म्हणजे स्त्रीच्या मनातले भय भुताचे नाही, माणसाचे आहे. ते घालवण्यासाठी तिने मन घट्ट करून भागणार नाही. पुरुषांनी आचरण शुद्ध केले पाहिजे. संध्याकाळी पाळीवर बाटल्या घेऊन बसणारी टोळकी कोणाची मुले आहेत? तिसरे आणि पाचवे शील तेथे मोडते आणि त्याची शिक्षा आपल्या मुलींना घरात बसून भोगावी लागते. ज्या गावात मुलगी तिन्हीसांजेला तळ्यावरून एकटी निर्धास्त फिरून येते, त्या गावात पंचशील नांदते असे खुशाल समजावे. तोवर आई-मुलीने, मैत्रिणींनी मिळून, उजेड असताना जावे. बोलणे थोडे ठेवावे म्हणजे एकांताचा लाभही होतो.

पाण्यात काय पाहावे

आता प्रत्यक्ष आचरण. सूर्य मावळण्याआधी घरातून निघा आणि कोठे जातो ते घरी सांगून निघा. पहिली काही मिनिटे नेहमीच्या चालीने चाला. झाडी लागली की चाल मंद करा. डावे पाऊल, उजवे पाऊल, त्याचा जमिनीला होणारा स्पर्श जाणा. मन पळाले तर त्याला शिव्या देऊ नका; वर्गातून बाहेर पाहणाऱ्या मुलाला परत पाटीकडे वळवावे, तसे सौम्यपणे वळवा. आवाज आला तर थांबून कारण ओळखा. ओळखता आले नाही तर 'ठाऊक नाही' म्हणा आणि चालत राहा. 'ठाऊक नाही' आणि 'भूत आहे' यांत फार अंतर आहे.

तळ्याशी आल्यावर उभे राहून पाणी पाहा. संगारव नावाच्या ब्राह्मणाने भगवंतांना विचारले होते, की कधी कधी पुष्कळ पाठ केलेलेही आठवत नाही, याचे कारण काय? आम्हा शिक्षकांना हा प्रश्न फार जवळचा आहे. भगवंतांनी पाण्याच्या भांड्याची उपमा दिली. रंग मिसळलेल्या पाण्यात माणसाला आपला चेहरा दिसत नाही. कामच्छंदाने, म्हणजे हव्यासाने भरलेले मन तसे असते. उकळत्या पाण्यात दिसत नाही. द्वेषाने भरलेले मन तसे. शेवाळाने झाकलेल्या पाण्यात दिसत नाही; आळसाने जडावलेले मन तसे. वाऱ्याने हिंदकळणाऱ्या पाण्यात दिसत नाही. चंचल आणि पश्चात्तापाने पोळलेले मन तसे. गढूळ आणि अंधारात ठेवलेल्या पाण्यात दिसत नाही. संशयाने ग्रासलेले मन तसे. ही पाच नीवरणे.

यांतली बरीच आपल्या तलावाच्या काठी उघड्या डोळ्यांनी दिसतात. कडेला शेवाळ, मध्ये वाऱ्याच्या लाटा, म्हशी उतरल्या तेथे गढूळ. उकळणारे पाणी तेवढे तळ्यात मिळणार नाही. ते आपण घरून घेऊन आलेलो असतो, भावकीच्या भांडणातून. स्वतःला विचारा, आज माझ्या पाण्याला काय झाले आहे? उत्तर कोणाला सांगायचे नाही. फक्त ओळखायचे. वारा पडला की लाटा आपोआप बसतात. पाणी हाताने दाबून कोणी लाटा बसवलेल्या नाहीत. मनाचेही तसेच आहे. कमळाची पाने दिसली तर हेही आठवा, की संबोधीनंतर भगवंतांनी जगाकडे पाहिले तेव्हा त्यांना तळ्यातली कमळे आठवली: काही पाण्याखाली, काही पाण्याच्या बरोबरीला, काही वर आलेली. पाण्याखालचीही त्यांनी टाकून दिली नाहीत. आपल्या घरातले जे अजून मुंज्याला भितात, त्यांना टाकून बोलू नका. ती पाण्याखालची कमळे आहेत.

परतताना सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्रीभावना करा. बावीस प्रतिज्ञांतील प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा येथे आपोआप समोर उभी राहते. अंडी उबवणारी टिटवी, पाण्यावरचा बगळा, जाळे आवरणारा ढिवर बांधव, घरी वाट पाहणारी माणसे, आणि ज्याच्याशी भांडण आहे तोही. घरी आल्यावर हातपाय धुवा आणि मुलांना एक गोष्ट सांगा: आज काय पाहिले, कशाचा आवाज कशाचा निघाला. भुताच्या गोष्टींनी जसे भय पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले, तसे या गोष्टींनी धैर्य उतरत जाईल.

उपासक-उपासिकांनो, दीक्षा एका दिवसात घेता येते; भय एका दिवसात जात नाही. ते पावलापावलाने जाते. म्हणून येत्या अष्टमीला किंवा अमावास्येला, बोधिसत्त्वाने निवडल्या त्याच तिथीला, विजेरी हातात घेऊन संध्याकाळी निघा. पान हलेल, काटकी मोडेल, टिटवी ओरडेल. थांबू नका, पळू नका. पंचांग पाहू नका, पायाखाली पाहा. भय आले तर त्याला म्हणा, मी चालतो आहे, तूही चल. आणि पाळ संपेपर्यंत चालत राहा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!